गोळी घेताना बोलावंही लागतं

माझ्या वडिलांना, आप्पांना, प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा तो हाडांत पोचलेला होता. तिथून पुढे काही वर्षं आमच्या बेंबळीच्या घरात पुरुषी हार्मोनचा परिणाम थांबवणारी औषधं होती. आधी बायकॅल्युटामाइड, सोबत इंजेक्शन, नंतर शस्त्रक्रिया आणि शेवटी ॲबिरॅटेरॉन. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वैद्यकीचं शिक्षण माझ्याकडे नाही. पण आप्पांची फाईल मी सांभाळली, गोळ्या मी मोजून दिल्या आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायचं कामही माझ्याकडेच होतं. आप्पा आता नाहीत. धाराशिव तालुक्यातल्या गावांतून लोक अजून माझ्याकडे विचारायला येतात, बहुधा संध्याकाळी, एकटेच. त्यांना जे सांगतो ते इथे लिहितो आहे. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. घरच्यांनी काय समजून घ्यावं, एवढ्यापुरतं माझं म्हणणं आहे.

१. औषध काय करतं ते रुग्णाला त्याच्या भाषेत सांगा

सुरुवातीला आप्पांना फक्त एवढंच सांगितलं गेलं की गाठीची गोळी आहे. ते गोळी घ्यायचे, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कर्करोग म्हणजे केमो, केस जाणं, उलट्या, असं त्यांनी ऐकलं होतं. रोज एक छोटी गोळी घेऊन एवढा मोठा आजार कसा हटेल?

मग मी त्यांना शेतातलं उदाहरण दिलं. प्रोस्टेटचा कर्करोग बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. विहिरीवरची मोटार बंद केली की पाटाला पाणीच येत नाही. इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया हे काम करते. मोटार चालू असली तरी वाफ्याच्या तोंडाशी माती लावली तर पाणी पिकापर्यंत जात नाही. बायकॅल्युटामाइडची गोळी हे काम करते. हार्मोन रक्तात असतो, पण पेशीत शिरून त्याला आपलं काम करता येत नाही. आप्पांनी लगेच विचारलं, "आन् पाझरून येतंय त्याचं काय?" प्रश्न अगदी बरोबर होता. बहुतेक टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होतं, पण थोडा पुरवठा मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून होतो आणि काही वेळा खुद्द गाठही तो बनवू लागते. पुढे ॲबिरॅटेरॉन आलं ते हा पाझर बंद करायला.

हे ज्ञान जुनं आहे. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं की पुरुषी हार्मोन कमी केला की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. बायकॅल्युटामाइड १९९५ पासून वापरात आहे, ॲबिरॅटेरॉन २०११ पासून, एन्झाल्युटामाइड २०१२ पासून. ही औषधं आजार मुळापासून काढत नाहीत, त्याला दाबून ठेवतात. कुणाला काही महिने, कुणाला बरीच वर्षं. हेही आप्पांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि त्यानंतर गोळीची वेळ त्यांनी स्वतः कधी चुकवली नाही.

२. इंजेक्शनच्या अलीकडची-पलीकडची गोळी टाळू नका

ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन महिन्याला, तीन महिन्यांना किंवा सहा महिन्यांना घेतात. त्यातली एक गोष्ट सहज कळत नाही. पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन कमी होण्याऐवजी आधी वाढतं. हाडांतल्या गाठी त्या दिवसांत भडकू शकतात, दुखणं वाढतं, मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब आणू शकते. म्हणून डॉक्टर इंजेक्शनच्या थोडं आधी किंवा त्याच सुमाराला बायकॅल्युटामाइड सुरू करतात आणि काही आठवडे चालू ठेवतात. "इंजेक्शन तर दिलंय, मग गोळी कशाला" असं म्हणून ती सोडणारे लोक मी पाहिले आहेत.

कंबर एकाएकी जास्त दुखायला लागली, पाय लुळे पडायला लागले, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. मज्जारज्जूवरचा दाब काही तासांतच कायमचं अपंगत्व देऊ शकतो.

३. शस्त्रक्रियेची गोष्ट घरात मोठ्याने बोला

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

वृषण काढण्याची शस्त्रक्रिया एकदाच होते. टेस्टोस्टेरॉन काही तासांतच खाली येतं, सुरुवातीचा तो भडका उडत नाही, दर तीन महिन्यांचा खर्च आणि प्रवास वाचतो. इंजेक्शनाइतकाच परिणाम मिळतो. तरी घरात हा शब्द कुणी काढत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोन्ही पर्याय समोर ठेवले, तेव्हा आप्पा खुर्चीतून उठून बाहेर गेले. त्यांनी जन्मभर गोऱ्हे खच्ची करून घेतलेले होते. त्यांच्या मनात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. बाहेर बाकावर बसून ते म्हणाले, "मला तसलं काय करू नका."

आम्ही इंजेक्शन घेतलं. त्यात चूक काहीच नव्हतं, आणि ज्याला ते परवडतं आणि वेळेवर घेता येतं त्याने ते घ्यावं. आमच्या बाबतीत सोयाबीनच्या काढणीत, पावसात, लग्नसराईत तारखा पुढे-मागे व्हायच्या आणि प्रत्येक वेळी पैशांची जुळवाजुळव करावी लागायची. वर्षभरानंतर आप्पांनी स्वतःच विषय काढला. तोही माझ्याजवळ नाही, आईजवळ. आई मला म्हणाली, "त्यांना इचारायचंय, पण तुला कसं इचारावं कळंना."

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि तिघांना बसवून नीट समजावलं. एका पद्धतीत वृषणाच्या आतला, हार्मोन तयार करणारा भाग काढतात आणि बाहेरचं आवरण तसंच ठेवतात. बाहेरून पिशवी रिकामी दिसत नाही. हे ऐकून आप्पांचा चेहरा सैल झाला. गावात कुणाला कळेल का, ही त्यांची खरी भीती होती. विहिरीवर आंघोळ करणाऱ्या, धोतर नेसणाऱ्या माणसाला ती भीती असणारच. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज तसाच राहिला, मिशाही तशाच राहिल्या. म्हातारपणी आवाज पातळ होत नाही, हेसुद्धा आधी सांगायला हवं. त्या एका गैरसमजामुळे कितीतरी पुरुष निर्णय लांबवतात.

भावकीत काय सांगायचं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. "प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं." यात खोटं काही नाही, आणि जास्त सांगायची कुणाला गरजही नाही.

४. अंगातून निघणाऱ्या झळा खऱ्या असतात

पुरुषी हार्मोन उतरला की बाईला पाळी जाताना जशा झळा येतात, तशाच पुरुषालाही येतात. छातीपासून डोक्यापर्यंत एकदम आग, मग घाम, मग थंडी. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, त्यातही लोडशेडिंग असेल तर, आप्पा रात्री दोन-दोन वेळा सदरा बदलायचे. त्यांना वाटायचं ताप आहे. आईला मात्र पहिल्याच दिवशी ओळखू आलं, कारण ते तिने स्वतः सोसलेलं होतं. ती त्यांना म्हणाली, "आता कळंल तुमाला." त्यानंतर दोघांचं या विषयावर बोलणं सुरू झालं.

सुती कपडे, जवळ ओला पंचा, रात्री चहा आणि तिखट कमी, पंख्याची सोय, एवढ्याने बऱ्याच जणांचं भागतं. नाही भागलं तर झळा कमी करणारी औषधं असतात. ती डॉक्टरांकडे मागा. "वयाचं आहे, सोसा" हे उत्तर मान्य करू नका.

५. बायकोला डॉक्टरांसमोर बसवा

औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांत इच्छा मावळते. ताठरपणा जातो. हा औषधाचा ठरलेला परिणाम आहे, कुणाच्या मनाचा दोष नाही. पण हे पुरुषाला ठाऊक नसेल तर तो ते स्वतःवर घेतो, आणि बायकोला ठाऊक नसेल तर ती ते स्वतःवर घेते. आप्पांनी आपली बाज माडीवरून ओसरीवर आणली. आईला वाटलं, माझ्याच कशाचा तरी राग आला. कित्येक महिने दोघं नीट बोलले नाहीत. मला ते दिसत होतं, पण मुलाने आई-बापाशी या गोष्टी कशा बोलायच्या?

ते काम एका नर्सबाईंनी केलं. ड्रेसिंग करता करता त्यांनी आईला बाजूला बोलावलं आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं: इच्छा गोळीने जाते, माया जात नाही, माणूस चिडचिडा होतो, उगाच रडू येतं, थकवा येतो, आणि त्याला तेव्हा जवळ बसणारं माणूस लागतं. त्या दिवशी घरी आल्यावर आईने स्वतःच बाज परत आत नेली.

मला मनापासून वाटतं की प्रत्येक प्रोस्टेटच्या रुग्णाच्या पहिल्या भेटीत पत्नी असावी. नुसती सोबत आलेली नव्हे, खुर्ची घेऊन बसलेली आणि प्रश्न विचारणारी. आपल्याकडे पुरुषाच्या आजाराला मुलगा किंवा भाऊ जातो आणि बायको घरी थांबते. ती ज्याच्यासोबत राहते त्याच्यात काय बदलणार आहे, हे तिला सगळ्यात शेवटी कळतं.

मनाबद्दलही इथेच सांगून ठेवतो. आप्पा भजनाला जायचे बंद झाले, जेवताना डोळे भरून यायचे. आम्ही ते "म्हातारपण" म्हणून सोडून दिलं नाही. डॉक्टरांना सांगितलं. त्यावर इलाज झाला आणि ते पुन्हा टाळ घेऊन देवळात गेले.

६. छाती दुखली तर लपवू नये

बायकॅल्युटामाइड इंजेक्शनाशिवाय एकटं, जास्त डोसमध्ये दिलं तर छाती सुजते, स्तनाग्रं दुखतात, थोडी गाठ येते. कारण रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, त्याचा काही भाग शरीरात स्त्री-हार्मोनमध्ये बदलतो. यावर उपाय आहेत: काही रुग्णांना आधीच छातीवर किरणोपचाराची छोटी मात्रा देतात, काहींना टॅमॉक्सिफेन. सूज जुनी झाली की ती मागे हटणं कठीण होतं. म्हणून पहिल्या दुखण्यालाच डॉक्टरांना दाखवायचं.

७. हाडं, दंड आणि दात

पुरुषी हार्मोन गेला की हाडं विरळ होतात आणि स्नायू उतरतात. ज्या आप्पांनी सोयाबीनची पोती एकट्याने ट्रॅक्टरवर चढवली, त्यांना पाण्याची कळशी जड व्हायला लागली. त्यांना ते फार लागलं. आमच्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं आणि त्याच्याइतक्याच जोराने सांगितलं की चालणं आणि थोडं वजन उचलणं हा औषधाचाच भाग आहे. सकाळी मळ्यापर्यंत चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन उचलणं. नातवंडं मोजायची. पण हाडांत गाठी असताना जड ओझं घ्यायचं नाही आणि कोणता व्यायाम चालेल हे विचारूनच ठरवायचं.

घरात पडणं टाळणं हेही तितकंच महत्त्वाचं. न्हाणीत शहाबादी फरशी होती, तिच्यावर खरबरीत पट्ट्या लावल्या, रात्री दिवा ठेवला.

दातांचं कुणी सांगत नाही. हाडं जपायला झोलेड्रॉनिक ॲसिडचं किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात. ते सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून हलणारे, किडलेले दात काढून घ्यावे. इंजेक्शन सुरू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड बरं होत नाही. आपल्याकडे तंबाखूने आणि मिश्रीने दात आधीच खिळखिळे असतात, त्यामुळे हा मुद्दा मी प्रत्येकाला सांगतो.

शिवाय वजन वाढतं, साखर आणि चरबी वाढू शकते, हृदयावर भार येतो. आप्पांना आधीपासून रक्तदाब होता. साखरेची आणि रक्तदाबाची तपासणी प्रोस्टेटच्या तपासणीसोबतच करून घ्यायची, वेगळी खेप नाही.

८. कावीळ दिसली तर झाडपाल्याकडे जाऊ नका

हे मी कळकळीने सांगतो. बायकॅल्युटामाइडने कधी कधी यकृताला इजा होते, फ्लुटामाइड या जुन्या गोळीने त्याहून जास्त. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, उजव्या बरगडीखाली दुखणं. आपल्या भागात कावीळ म्हटलं की पहिली धाव औषध देणाऱ्या जाणत्याकडे, मग पथ्य, मग महिनाभर वाट. इथे तेवढा वेळ नसतो. गोळी तात्काळ थांबवायची की नाही हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा आणि रक्ततपासणी करा. उपचाराच्या पहिल्या महिन्यांत यकृताची तपासणी वेळोवेळी सांगतात, ती चुकवू नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा, कारण बायकॅल्युटामाइडने तिचा परिणाम वाढतो.

९. पीएसएच्या आकड्याला घाबरायचं नाही, त्याचा अर्थ विचारायचा

आमच्या घरात पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री कुणी झोपायचं नाही. आकडा खाली आला की पेढे, वर गेला की चूल पेटायची नाही. हळूहळू समजलं की एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. तो किती वेगाने बदलतो, दुखणं आहे का, स्कॅन काय म्हणतो, हे सगळं सोबत बघायचं असतं.

एक गोष्ट ऐकून मी चकित झालो होतो. बराच काळ बायकॅल्युटामाइड घेतल्यावर पीएसए वाढायला लागला, तर काही रुग्णांत डॉक्टर ती गोळी बंद करतात आणि आकडा खाली येतो. गाठीच्या पेशी बदललेल्या असतात आणि जी गोळी त्यांना रोखत होती तिच्यावरच त्या पोसू लागतात. आप्पांची गोळी बंद केली तेव्हा चुलते म्हणाले, "डॉक्टरांनी हात टेकले." तसं नव्हतं. बंद करणं हाच उपचार होता.

चुलत्यांचीच दुसरी गोष्ट. त्यांना साध्या प्रोस्टेटवाढीसाठी फिनास्टेराइड चालू होतं. ही गोळी टेस्टोस्टेरॉनचं त्याच्या जास्त जोरकस रूपात होणारं रूपांतर थांबवते. ती सहा महिने किंवा जास्त घेतली की पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे कागदावर दिसणारा आकडा खरा किती, हे गोळीची माहिती असल्याशिवाय डॉक्टरांना कळत नाही. केस गळतीसाठी तीच गोळी कमी डोसमध्ये घेणाऱ्या तरुण मुलांच्या बाबतीतही हेच. कोणत्याही तपासणीला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

१०. दुसऱ्याच्या गोळीची वेळ आपल्याला लागू नसते

ॲबिरॅटेरॉन उपाशीपोटी घ्यायचं असतं: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. पोटात अन्न, विशेषतः तेलकट अन्न असेल तर औषध कित्येक पटींनी, अगदी दहापटीपर्यंत जास्त शोषलं जाऊ शकतं. आप्पा पहाटे उठून चार गोळ्या घ्यायचे, मग देवपूजा, मग चहा.

बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात बाकावर शेजारी बसलेल्या एका आजोबांना मात्र एकच गोळी, तीही न्याहारीसोबत घ्यायला सांगितली होती. दोघांनी पाकिटं ताडून पाहिली, औषध एकच. दोघंही घाबरले. डॉक्टरांनी समजावलं की दोन्ही बरोबर आहे. शिकागोच्या डॉक्टरांनी ७२ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाव डोस, म्हणजे १००० ऐवजी २५० मिलिग्रॅम, कमी तेल-तुपाच्या न्याहारीसोबत दिला, आणि पीएसए खाली आणण्यात तो पूर्ण डोसाहून कमी पडला नाही. ज्यांना पूर्ण डोसाचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडेही काही डॉक्टर हा मार्ग घेतात. पण हे डॉक्टरांनी ठरवायचं, न्याहारीत काय आणि किती हे सांगून. शेंगदाण्याची चटणी आणि तूप असलेली न्याहारी वेगळी आणि कोरडी ज्वारीची भाकरी वेगळी.

ॲबिरॅटेरॉनसोबत प्रेडनिसोलोन देतात. ते स्टेरॉइड आहे म्हणून नातेवाईक ते बंद करायला सांगतात. ऐकू नका. ॲबिरॅटेरॉनने अधिवृक्क ग्रंथींचं गणित बिघडतं: रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात. प्रेडनिसोलोन ते सावरून धरतं, आणि ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. एन्झाल्युटामाइडला स्टेरॉइड लागत नाही, पण क्वचित झटके येऊ शकतात. पूर्वी कधी फिट आली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल तर ते आधी सांगायचं.

११. घरातल्या गरोदर बाईने या गोळ्यांना हात लावू नये

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला त्या काळात दिवस गेले होते. पुरुषी हार्मोन थांबवणारं औषध पोटातल्या मुलाच्या वाढीला धोका करू शकतं, म्हणून ॲबिरॅटेरॉनची गोळी फोडायची तर दूरच, हातमोज्याशिवाय तिने उचलूही नये असं आम्हाला सांगितलं गेलं. गोळ्या आईच्या ताब्यात दिल्या.

याच कुळातलं एक औषध माझी भाचीही घेते. तिला पीसीओएस हा हार्मोनच्या बिघाडाचा आजार आहे, हनुवटीवर केस यायचे, शाळेत तिला चिडवायचे. तिला स्पायरोनोलॅक्टोन दिलं. मूळचं ते लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारं औषध, पण ते पुरुषी हार्मोनलाही अडवतं. बायकांच्या शरीरातही हा हार्मोन थोडा असतोच. परिणाम दिसायला सहा महिने लागले. तिलाही लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलून ते थांबवायला सांगितलं आहे. एकाच घरात आजोबांनी आणि नातीने एकाच जातीचं औषध घेतलं, यात लाजण्यासारखं काही नाही.

१२. कागद आणि पैसे

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात, मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. कोणती शस्त्रक्रिया आणि कोणतं इंजेक्शन बसतं हे त्याला दाखल होण्याआधी विचारा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं नसेल तर ते आधी दुरुस्त करा.

पाकिटावरची छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यात कर्करोगाच्या औषधांत खूप अंतर असतं. २०१९ मध्ये केंद्राने कर्करोगाच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याची ३० टक्क्यांची मर्यादा घातली ती यामुळेच. दोन-तीन मेडिकलमध्ये आणि जनऔषधी केंद्रात विचारा, बिल घ्या. कर्करोगाच्या रुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, तिचा दाखला रुग्णालयातून घ्यावा. ७५ वर्षांवरच्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे.

१३. पुरुषांनी तोंड उघडावं

धाराशिवच्या लोकांना कर्करोगाच्या कामाची ओळख बाहेरून करून द्यावी लागत नाही. शेजारच्या बार्शीत डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने ग्रामीण कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आणि १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची कर्करोग नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. आपल्याच जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये जगभर वाचला गेला. त्यातून दिसलं की एचपीव्ही या विषाणूची एक तपासणीसुद्धा मृत्यू कमी करते. शेतात राबणाऱ्या, डोक्यावर पदर घेणाऱ्या बायका त्या तपासणीला आल्या. लाज त्यांनाही होती.

पुरुष मात्र लघवीची धार बारीक झाल्याचंही वर्षानुवर्षं सांगत नाहीत. आप्पांनी रात्री पाच-पाच वेळा उठणं "थंडी" म्हणून खपवलं, कंबरदुखी "पेरणीची" म्हणून. लघवीचा त्रास बहुतेक वेळा साध्या प्रोस्टेटवाढीचा असतो, कर्करोगाचा नाही, आणि प्रत्येक निरोगी माणसाने पीएसए करत सुटावं असंही डॉक्टर म्हणत नाहीत. पण त्रास असेल तर दाखवायला हवं.

संध्याकाळी जे येतात त्यांना मी चहा देतो आणि विचारतो. रात्री किती वेळा उठता? लघवीत रक्त दिसलं का? रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी आहे का? घरात वडिलांना किंवा भावाला हा आजार होता का? मग एका कागदावर लिहून देतो: युरोसर्जनला भेटा, लघवी आणि रक्ताची तपासणी, गरज वाटली तर पीएसए, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत. खाली एक ओळ नेहमी असते, पत्नीला घेऊन जा. परवा समुद्रवाणीकडून आलेल्या एका गृहस्थांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, "ती बाहेर मोटारसायकलजवळ उभी हाय." मी तिला आत बोलावलं आणि कागद तिच्या हातात दिला.